गिनी, ओक्स, डर्बी आणि आपले घोडेमैदान

‘घोडेमैदान जवळच आहे’ असे आपण सहज म्हणून जातो. पण ज्या मैदानाशी मराठी माणसाचा शतकाहून अधिक काळ शेजार आहे, त्या महालक्ष्मीच्या घोडेमैदानाची भाषा आपण कधी नीट ऐकलेली नाही. १८८३ साली तिथे शर्यती सुरू झाल्या. त्याआधी मुंबईच्या शर्यती भायखळ्याला होत, आणि आखातातून गलबतांनी आलेले अरबी घोडे हे त्यांचे वैभव होते.

आज हंगामातल्या मोठ्या शर्यतींची नावे पाहावीत: डिसेंबरात हजार आणि दोन हजार गिनी, पुढे ओक्स, आणि फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारच्या सुमारास डर्बी. सगळी नावे इंग्लंडातली. डर्बी हे तिथल्या उमरावाचे नाव, ओक्स हे त्याच्याच घराचे. गिनीची गोष्ट तर गमतीची आहे. हजार गिनींची शर्यत इंग्लंडात सुरू झाली १८१४ साली, आणि गिनीचे नाणे पाडणे थांबले तेही त्याच सुमारास. नाणे गेले, बक्षिसाचे नाव राहिले, आणि समुद्र ओलांडून इथवर आले.

नावे उसनी घेता येतात, ऋतू घेता येत नाहीत. इंग्लंडात डर्बी जूनमध्ये, तीन वर्षांच्या घोड्यांची. जूनमध्ये मुंबईत काय होते हे सांगायला नको. पावसाळा लागला की शर्यती पुण्याला जातात आणि हिवाळ्याच्या तोंडावर परततात. शिवाय प्रत्येक घोड्याचे वय १ जानेवारीला एका वर्षाने वाढलेले धरतात. त्यामुळे डिसेंबरात गिनी धावणारे तीन वर्षांचे शिंगरू दोन महिन्यांनी डर्बीला उभे राहते ते चार वर्षांचे होऊन. अंतर मात्र तेच, २४०० मीटर. पाचवी क्लासिक शर्यत, सेंट लेजर, तर सप्टेंबरात पुण्यालाच होते. एका इंग्रजी पंचांगाची आपल्या मॉन्सूनने केलेली ही परस्पर दुरुस्ती आहे, असे आम्हांला वाटते.

१९४३ साली ही डर्बी पहिल्यांदा धावली. प्रिन्सेस ब्यूटिफुल या बडोद्याच्या महाराजांच्या घोडीने ती जिंकली. तेव्हा शर्यतीचे नाव ‘इंडियन’ नव्हते, ‘कंट्री-ब्रेड डर्बी’ होते. ‘कंट्री-ब्रेड’, म्हणजे देशी पैदाशीचा, या शब्दात कमीपणा होता. विलायती आणि ऑस्ट्रेलियन घोड्यांपुढे अशा घोड्याला वजनात सवलत द्यावी लागे. आता ऐन युद्धकाळात त्याच्यासाठी स्वतंत्र मानाची शर्यत निघाली, आणि पुढे त्या नावाच्या जागी ‘इंडियन’ आले.

पण हा ‘देशी’ घोडा देशी होता कितपत? जन्म इथला, रक्त विलायती थरोब्रेडचे. त्या थरोब्रेडची नरवंशावळ पुन्हा पूर्वेकडून इंग्लंडात नेलेल्या तीन वळूंपाशी जाते. त्यांतला एक डार्ली अरेबियन. म्हणजे भायखळ्याच्या अरबी घोड्याचा दूरचा नातेवाईक लंडनमार्गे महालक्ष्मीला आला. मराठ्यांच्या फौजा ज्यांच्या पाठीवर दौडल्या त्या भीमथडीच्या तट्टाला मात्र या ‘देशी’त कधीच जागा नव्हती. चिवटपणा हा त्याचा गुण, आणि अडीच मिनिटांच्या शर्यतीत चिवटपणाला कोण विचारतो?

मराठीने या सगळ्यातून स्वतःसाठी एकच क्रियापद घडवले. आपल्याकडे घोडा रेस धावतो, जॉकी रेस मारतो; आणि ‘रेस खेळतो’ तो मात्र खिडकीपाशी तिकीट घेऊन उभा असलेला माणूस.