सात वजाबाक्या

साल १९४९. तुम्ही आदिलाबाद जिल्ह्यातल्या मावल्यात आहात; हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन जेमतेम वर्ष झालंय. पाटी मांडीवर घ्या आणि तिच्यावर चालू सालच लिहा. आता हे चार अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा: ९९४१. मग उलटे: १४९९. वजा करा. ८४४२. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ५९९४. ५३५५. १९९८. हातचे घेताना अडखळलात तरी चालेल, इथं कुणी घड्याळ लावून बसलेलं नाही. ८०८२, मग ८५३२, आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. आठवी करून पाहा: ७६४१ वजा १४६७. पुन्हा ६१७४!

आता पैनगंगेपलीकडे, दूर पश्चिमेला, नाशिकजवळच्या देवळालीला चला. इथल्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना हा आकडा याच वर्षी सापडलाय. जन्म डहाणूचा, १९०५ चा. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. पदव्युत्तर पदवी नाही. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, ती जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ वर येते. तुमच्या सालानं नेमक्या सातही घेतल्या. देशातल्या गणितज्ञांनी कापरेकरांच्या या कामाकडे फारसं लक्ष दिलं नाही, कितीतरी पुस्तिका त्यांनी स्वतःच छापून काढल्या. मला याचं वाईट वाटतं. जगभर त्यांचं नाव झालं ते १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर.

पाटी पुसा, १९८२ लिहा. ९८२१ वजा १२८९, ८५३२, त्यातून ६१७४. दोनच वजाबाक्या. त्या वर्षीच्या २ नोव्हेंबरला तुम्ही इंग्लंडमधल्या एका घरात टीव्हीसमोर आहात. दुपारचे पावणेपाच, मावल्यात रात्रीचे सव्वादहा. 'चॅनल फोर' आज सुरू होतंय आणि त्यावरचा पहिलाच कार्यक्रम आहे 'काउंटडाउन', शब्दांचा आणि आकड्यांचा खेळ, मूळचा फ्रेंच. समजा, सहा आकडे निघाले: १००, २५, ९, ८, ६, ३. गाठायचंय ५८३. वेळ तीस सेकंद. शंभर सक सहाशे, त्यातून पंचवीस गेले, आठ मिळवले. जमलं! घरोघरची माणसं स्पर्धकांसोबत अशीच पुटपुटत आकडेमोड करताहेत. लहानपणी ठाण्याच्या शाळेत कोडी सोडवण्यात तासन्‌तास रमलेले कापरेकर या वेळी सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. असा खेळ मराठीत, त्यांना समोर बसवून, व्हायला हवा होता.

आणखी एक साल. २०१६. आदिलाबाद जिल्ह्याची फेररचना होऊन मावला स्वतंत्र मंडल झालंय. ६२१० वजा ०१२६, ६०८४. मग ८१७२. मग ७४४३. याही सालाला सातच लागतात. उरलेल्या चार तुम्ही करा.