कुंपणावरच्या झाडांची गोष्ट

पावसाळा तोंडावर आला की आपल्या बायकांची देवाणघेवाण सुरू होते. कुणी जास्वंदीची फांदी मागते, कुणी मोगऱ्याचं रोप देते, तर कुणी पदराखाली झाकून दुसरीच्या अंगणातली गुलबक्षीची बी आणते. एकदा लावलं की वर्षानुवर्षं फुलणारी ही झाडं आपल्याला घरचीच वाटतात. पण त्यांतली बरीचशी समुद्र ओलांडून आलेली आहेत. आज त्यांतल्या दोघींची गोष्ट सांगू. एक बोगनवेल, दुसरी घाणेरी.

बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेची. 1766-67 साली फ्रान्सहून बोगनव्हील नावाच्या दर्यावर्दी अधिकाऱ्याच्या हाताखाली दोन जहाजं पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. वाटेतल्या झाडाझुडपांचा अभ्यास करायला कोमर्सों हा वनस्पतिशास्त्रज्ञ बरोबर होता. त्याच्यासोबत एक नोकर होता, नाव जाँ. हा जाँ सामान उचलायचा, डोंगर चढायचा, पानंफुलं गोळा करून कागदात दाबून ठेवायचा.

खरं म्हणजे तो जाँ नव्हता, ती होती झान बारे. 1740 साली एका गरीब शेतकरी घरात जन्मलेली ही बाई कोमर्सोंचं घर सांभाळायची. त्या काळी फ्रान्सच्या आरमारी जहाजावर बाईला पाऊल ठेवायची बंदी होती. म्हणून तिनं छातीला पट्टे आवळले, पुरुषी कपडे चढवले आणि जहाजावर गेली. शेकडो पुरुषांमध्ये, अडचणीच्या जागेत, वर्षभराहून जास्त काळ ती अशी राहिली. मैत्रिणींनो, आपल्याला तीन तासांच्या एसटी प्रवासात काय काय सोसावं लागतं ते आठवा, आणि मग तिचे दिवस मोजा.

1767 साली जहाजं ब्राझीलमधल्या रिओला थांबली. तिथं जांभळट रंगानं भरलेली एक काटेरी वेल त्यांना सापडली. कोमर्सोंनं तिला आपल्या कप्तानाचं नाव दिलं. 1789 साली ते नाव छापील ग्रंथात आलं आणि कायमचं झालं. पण त्या प्रवासात कोमर्सोंचा पाय दुखरा होता, त्याला धड चालवत नसे. हिंडण्याचं आणि ओझी वाहण्याचं काम झानच करायची. म्हणून ती वेल पहिल्यांदा तिच्याच हाती लागली असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं.

पुढं ताहिती बेटावर 1768 साली तिचं बिंग फुटलं. ती आणि कोमर्सों मॉरिशसला उतरले. 1773 साली तो वारला आणि ती परक्या मुलखात एकटी पडली. तिथं तिनं एका फ्रेंच सैनिकाशी लग्न केलं आणि काही काळानं त्याच्याबरोबर फ्रान्सला परतली. तिथं पोचली तेव्हा तिची प्रदक्षिणा पुरी झाली. जगाला फेरी घालणारी पहिली ज्ञात स्त्री ती हीच. 1785 साली सरकारनं तिच्या कामाची दखल घेऊन तिला वर्षाला दोनशे लिव्र पेन्शन लावली. कोमर्सोंनं मादागास्करच्या एका झुडपाला तिचं नाव देऊ केलं होतं, पण ते टिकलं नाही. ती 1807 साली वारली. अखेर 2012 साली शास्त्रज्ञांनी वांग्या-बटाट्याच्या कुळातल्या एका रानवेलीला तिचं नाव दिलं. एवढी वर्षं लागली!

आता दुसरी गोष्ट. घाणेरीला कुठं टणटणीही म्हणतात. लाल, पिवळ्या, गुलाबी फुलांचे तिचे गुच्छ दिसायला किती गोड! तीही अमेरिकेचीच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिला शोभेसाठी, कुंपणासाठी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणलं गेलं. पण ती कुंपणात राहिली नाही. तिची काळी फळं बुलबुलांनी खाल्ली, बिया रानोमाळ टाकल्या. आज देशभरातल्या जंगलांत तिची जाळी माजली आहे. तिच्याखाली गवत उगवत नाही, म्हणजे गुरांचा चारा गेला. पानं पोटात गेली तर गुरांना कावीळ होते, उन्हानं कातडी सोलवटते. रान तोडत, सरपण आणत जिचे हात ओरबाडतात, तिला या शोभेची किंमत विचारा.

दोघी परक्या, दोघी देखण्या. पण एक कुंपणावर राहिली, दुसरी रान खाऊन बसली. बोगनवेल आपल्याकडे फांदीनंच वाढवली जाते, बी क्वचितच धरते, म्हणून ती आपण लावू तिथंच राहते. नवं झाड आणताना हाच पहिला प्रश्न विचारायचा: हे आपोआप पसरतं का? याची फळं पाखरं खातात का? दुसरा प्रश्न: गुरं, लेकरं यांना याचा धोका आहे का? कण्हेर सुंदर, पण तिचं पान, फूल, मूळ सगळं विषारी. ती लेकरांच्या खेळायच्या जागी नको. तिसरा प्रश्न पाण्याचा. उन्हाळ्यात हंडा आपल्याच डोक्यावर असतो, हे विसरून कसं चालेल?

या तिसऱ्या परीक्षेत बोगनवेल पहिली येते. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, जून फांद्या पावसाच्या सुरुवातीला लावा. दिवसाचं पाच-सहा तास ऊन हवंच, सावलीत नुसता पाला येतो. रुजली की पाणी हात राखून घाला. माती वरून सुकल्यावरच पाणी द्यायचं. सतत ओल राहिली तर ती फुलायची सोडून वाढतच बसते. बहर सरला की छाटा, कारण फुलं नव्या फुटीवर येतात. काटे आहेत, म्हणून दाराशी नको, बांधाला किंवा गेटाच्या कमानीला शोभेल. आणि हो, आपण जिला फूल म्हणतो ती रंगीत पानं असतात. खरं फूल म्हणजे त्यांच्या मधली बारीक पांढुरकी नळी. उद्या सकाळी जवळ जाऊन बघाच.

शिवाय आपल्या मातीतली मंडळी आहेतच. तगर, कोरांटी, अबोली, पारिजातक. तगर थोड्या सावलीतही फुलते. कोरांटीला काटे असल्यानं कुंपणालाही चालते. अबोली गजऱ्याला हवीच, कारण ती लवकर कोमेजत नाही. परक्या पाहुण्यांच्या जोडीला यांतलं एक तरी लावू या.

आणि एक काम करू या. ज्या बाईकडून फांदी आणाल, तिचं नाव लक्षात ठेवा. कुणी विचारलं, "ही वेल कुठली गं?" तर नर्सरीचं नाव सांगतो तसं तिचंही नाव सांगा. झान बारेचं नाव यायला दोनशे वर्षं लागली. आपल्या शेजारणीचं नाव घ्यायला आपल्याला एक क्षण पुरतो.