चिपचा सातबारा कोणाच्या नावावर?

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा.)

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला येता येता गुजरातला गेला, तेव्हा आपल्याकडे केवढं रान उठलं होतं आठवतंय ना? पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. पण तेव्हापासून चिपचा विषय निघाला की आपले प्रश्न ठरलेले. जमीन किती एकर? गुंतवणूक किती कोटी? पोरांना नोकऱ्या किती? बातमीदार म्हणून मीही हे प्रश्न विचारतो आणि ते विचारलेच पाहिजेत. पण चौथा एक प्रश्न आहे, जो सहसा कुणी विचारत नाही. त्या चिपच्या डिझाइनचा सातबारा कोणाच्या नावावर असणार?

हा प्रश्न न विचारल्याची किंमत काय असते, ते सांगणारी एक खरी गोष्ट आहे. जपानमधल्या एका कॅल्क्युलेटर कंपनीची.

आधी थोडी पार्श्वभूमी. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचं बारीकसं बटण, हात न लावता चालू-बंद होणारं. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये तो पहिल्यांदा चालला. १९५८-५९ मध्ये जॅक किल्बी आणि रॉबर्ट नॉईस या दोघांनी, वेगवेगळ्या कंपन्यांत बसून, अशी अनेक बटणं एकाच तुकड्यावर घडवायची वाट शोधली. तीच इंटिग्रेटेड सर्किट, आपल्या बोलण्यातली चिप. याच नॉईसने गॉर्डन मूरला सोबत घेऊन १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात इंटेल काढली. धंदा होता मेमरी चिपचा. कंपनी नवी, माणसं मोजकी.

१९६९ मध्ये इंटेलकडे जपानहून काम आलं. बिझिकॉम नावाची कंपनी टेबलावरचे, कागदावर आकडे छापणारे कॅल्क्युलेटर बनवत होती. त्यांना त्यासाठी चिपचा संच हवा होता. मासातोशी शिमा हा त्यांचा तरुण इंजिनिअर सहकाऱ्यांसोबत आराखडा घेऊन आला. आराखड्यात बेरीज-गुणाकाराला वेगळी चिप, छपाईला वेगळी, कीबोर्डला वेगळी, अशी लांबलचक यादी. एवढ्या चिप डिझाइन करायला इंटेलकडे माणसंच नव्हती.

इंटेलमधल्या टेड हॉफने आराखडा बघून वेगळाच विचार मांडला. प्रत्येक कामाला वेगळं यंत्र कशाला? एकच सांगकाम्या ठेवू. कामांची यादी शेजारच्या मेमरीत लिहून ठेवायची, त्याने ती एकेक ओळ वाचायची आणि तसं करायचं. काम बदललं तर यादी बदला, सांगकाम्या तोच. स्टॅन्ली मेझर या सहकाऱ्यासोबत त्याने ही कल्पना पक्की केली आणि सगळं चार चिपमध्ये बसवलं. ४००१ मध्ये कामांची यादी. ४००२ म्हणजे पाटी, लिहा आणि पुसा. ४००३ कीबोर्ड-प्रिंटरला जोडायला. आणि ४००४ हा तो सांगकाम्या, म्हणजे प्रोसेसर. बिझिकॉमने मान्यता दिली. करारात ठरलं की बिझिकॉम ६० हजार डॉलर देणार आणि या चिप फक्त त्यांनाच विकायच्या. सातबारा बिझिकॉमच्या नावावर!

पण कागदावरची कल्पना आणि हातात येणारी चिप यात फार अंतर असतं. ते अंतर कापलं फेडेरिको फॅजिन या इटालियन माणसाने. तो आधी फेअरचाइल्ड कंपनीत होता. ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या भागाला गेट म्हणतात. तोवर हे गेट ॲल्युमिनियमचं असे आणि नंतर बसवताना जरा इकडेतिकडे व्हायचं, म्हणून जास्तीची जागा सोडावी लागे. गेट सिलिकॉनचंच ठेवून ते आपोआप नेमकं बसेल, अशी पद्धत फॅजिनने १९६८ मध्ये तिथे प्रत्यक्ष कारखान्यात चालेल इतकी पक्की केली. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त आणि वेगवान ट्रान्झिस्टर बसू लागले. अख्खा प्रोसेसर एका चिपवर मावला तो या पद्धतीमुळे.

एप्रिल १९७० मध्ये फॅजिन इंटेलमध्ये रुजू झाला. लगोलग शिमा जपानहून कामाची प्रगती बघायला आला. बघतो तर डिझाइनचं काम पुढे सरकलेलंच नाही! शिमा जाम भडकला. पण नंतर तोच मुक्काम ठोकून फॅजिनला मदत करत राहिला. आजच्यासारखी सॉफ्टवेअर नव्हती. मोठमोठे नकाशे हाताने काढायचे, लाल फिल्मवर पात्याने कापायचे आणि ते लहान करून सिलिकॉनवर उतरवायचे. डिसेंबर १९७० मध्ये ४००४ ची पहिली खेप आली आणि एकही चिप चालली नाही. कारखान्यात एक थर द्यायचाच राहिला होता. जानेवारी १९७१ मध्ये दुसरी खेप आली आणि चालली. नखाएवढ्या तुकड्यावर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर. फॅजिनने चिपच्या कडेला आपली आद्याक्षरं कोरून ठेवली होती, चित्रकार सही करतो तशी.

आता खरी गंमत बघा. जगात विक्रीला येऊ शकणारा पहिला एका चिपवरचा प्रोसेसर तयार आहे आणि त्याचा हक्क आहे बिझिकॉमकडे. पण १९७१ पर्यंत कॅल्क्युलेटरच्या बाजारात भाव पाडायची स्पर्धा लागली होती. बिझिकॉमचे हात दगडाखाली. त्यांनी इंटेलला म्हटलं, चिपचा भाव कमी करा. इंटेलच्या वरिष्ठांना या चिपचं मोठं अप्रूप नव्हतं. पण फॅजिन, हॉफ आणि मेझर मागे लागले की भाव कमी करा, मात्र बदल्यात हक्क मागा. फॅजिनने तर ४००४ वापरूनच चिप तपासायचं यंत्र बनवून दाखवलं, म्हणजे ही चिप कॅल्क्युलेटरबाहेरही चालते हे सिद्ध झालं. शेवटी सौदा झाला. इंटेलने ६० हजार डॉलर परत केले आणि कॅल्क्युलेटर सोडून बाकी सगळ्या कामांसाठी ही चिप विकायचा हक्क मिळवला. १५ नोव्हेंबर १९७१ च्या अंकात जाहिरात आली आणि चिप बाजारात उतरली.

बिझिकॉम १९७४ मध्ये बुडाली. तो बाजार असा होता की हक्क ठेवूनही ती कदाचित बुडालीच असती. पण अडचणीच्या वर्षी तिने जे सोडलं, त्याची किंमत तेव्हा मोजक्याच माणसांना कळत होती. अडीअडचणीला रस्त्याकडेची जमीन विकलेली घरं आपल्याही गावात आहेत. रस्ता हायवे झाल्यावर काय वाटतं, ते त्यांना विचारा.

आणि हे एकदाच घडलं नाही. त्याच सुमारास टेक्सासमधल्या कॉम्प्युटर टर्मिनल कॉर्पोरेशनने आपल्या मशीनसाठी इंटेलकडून प्रोसेसर मागवला होता. तो वेळेत झाला नाही, त्यांनी घेतला नाही, हक्क इंटेलकडे राहिले. तीच ८००८. तिच्याच वंशात ८०८०, मग ८०८६, आणि १९८१ च्या आयबीएम पीसीतली ८०८८. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरं वर्षानुवर्षं पाठ करत आली ती ८०८५ ही याच घराण्यातली.

एका नावाचं काय झालं तेही सांगतो. फॅजिनने १९७४ मध्ये इंटेल सोडली, झायलॉग काढली आणि शिमाच्या साथीने १९७६ मध्ये झेड-८० ही गाजलेली चिप आणली. त्यानंतर बरीच वर्षं इंटेलच्या सांगण्यात ४००४ चं श्रेय हॉफच्या नावावर असायचं, फॅजिनचं नाव मागे पडलं. १९९७ मध्ये जपानचा क्योतो पुरस्कार हॉफ, मेझर, फॅजिन आणि शिमा या चौघांना मिळून दिला गेला. हिशोब बरोबर व्हायला पाव शतक लागलं. कोरलेली सही मात्र पहिल्या दिवसापासून चिपवर होती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने सेमीकंडक्टरसाठी ७६ हजार कोटींची योजना जाहीर केली. त्यात डिझाइनसाठीही वेगळं प्रोत्साहन आहे, पण चर्चा होते ती कारखान्याची. जगातले सुमारे २० टक्के चिप डिझायनर भारतात आहेत असं सरकारच सांगतं. त्यातले बहुतेक परदेशी कंपन्यांसाठी काम करतात, म्हणजे आपली पोरं नकाशा काढतात आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर होतो. पगार चांगला आहे, त्यात वाईट काही नाही. पण बिझिकॉमकडे तर पैसा, इंजिनिअर आणि करार तिन्ही होतं.

उद्या कुठलाही पक्ष, कुठलाही मंत्री चिप प्रकल्पाची घोषणा करेल तेव्हा एकर, कोटी आणि नोकऱ्या विचाराच. पण चौथा प्रश्नही विचारा. मी तर पुढच्या पत्रकार परिषदेत विचारणार आहे. उत्तर मिळालं की इथेच टाकतो.

तुमच्या घरातलं कुणी चिप डिझाइनमध्ये असेल तर त्यांना ही पोस्ट दाखवा आणि त्यांचं म्हणणं खाली लिहा.