साखर, इन्शुलिन आणि मेंदू

मधुमेह हा रोग आपल्याकडे जुनाच. सुश्रुतसंहितेतही त्याचे वर्णन आहे. रोग ओळखता येई, पण उतारा नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभीही मधुमेही मुलांना जवळजवळ उपाशी ठेवीत. तरी शेवटी ती बेशुद्धीत जात आणि दगावत.

१९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरांटो विद्यापीठात, प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत, फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शल्यवैद्य आणि त्याचा मदतनीस चार्ल्स बेस्ट कुत्र्यांवर प्रयोग करू लागले. स्वादुपिंडाचा अर्क काढायचा, तो टोचायचा आणि रक्तातली साखर उतरते का ते पाहायचे. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला तो अर्क टोचला. गुण बेताचाच आला. मग कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने अर्क शुद्ध केला. २३ जानेवारीला तो टोचताच साखर झपाट्याने खाली आली. लेनर्ड पुढे १९३५ पर्यंत जगला. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळाले.

जीव वाचला, पण मेंदूचे काय? मेंदूचे वजन शरीराच्या शेकडा २, आणि ऊर्जा मात्र तो शेकडा २० च्या आसपास खर्च करतो. त्याच्यापाशी साठा जवळजवळ नाहीच. माझ्या वडिलांनी एकदा इन्शुलिन टोचून घेतले आणि जेवण लांबले. अंगाला दरदरून घाम सुटला, आणि समोर उभ्या असलेल्या मला ते "आपण कोण?" म्हणून विचारू लागले! साखरेचे पाणी पाजल्यावर थोड्या वेळाने म्हणाले, "अरे, तू कधी आलास?" तो प्रश्न मी अजून विसरलो नाही.

हे झाले साखर फार उतरल्याचे. ती वर्षानुवर्षे चढलेली राहिली, तर मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होतात. हॉलंडमधील रॉटरडॅमच्या पाहणीत १९९९ साली असे दिसले, की मधुमेह्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट असतो.

मग साखर जितकी खाली तितके बरे काय? तसेही नाही. २०११ साली अमेरिका व कॅनडातील सुमारे ३,००० मधुमेह्यांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. साखर फार कडक आवळूनही ४० महिन्यांत त्यांची स्मरणशक्ती इतरांहून सरस ठरली नाही. नाकावाटे इन्शुलिन देऊन स्मृती राखता येईल, अशीही आशा होती. २०२० च्या मोठ्या चाचणीत तीही फळाला आली नाही.

तेव्हा शंभर वर्षांचा हा इतिहास आपल्याला मध्यममार्गच सांगतो. साखर ताब्यात हवी, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने, बेताने. आणि घरात कोणी इन्शुलिन घेत असेल, तर त्याचे जेवण मात्र चुकू देऊ नका!