पाकविद्येची वंशपरंपरा

इतिहासाच्या साधनांची मोजदाद करतांना आपण ताम्रपट, शिलालेख, बखरी यांची नांवें घेतों. चुलीजवळच्या विद्येची आठवण कोणास होत नाहीं. ही उपेक्षा आम्हांस योग्य वाटत नाहीं. वऱ्हाडांतील वाशीमचेंच उदाहरण घ्यावें. हें गांव म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा येथील ताम्रपट १९३९ मध्यें उजेडांत आला. त्यामुळें चौथ्या शतकांत कोणास कोणतें दान मिळालें, हें आज आपणांस वाचतां येतें. त्या काळीं तेथील घराघरांत काय शिजत होतें, हें मात्र कोणीं पत्र्यावर कोरून ठेविलें नाहीं.

राजांच्या पंक्तीची गोष्ट निराळी. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लासा'त पक्वान्नांचें सविस्तर वर्णन आहे; त्यांतील 'मंडक' वाचतांना आपले मांडे डोळ्यांपुढें येतात. सामान्य गृहस्थाच्या स्वयंपाकघरास छापील मराठींत जागा मिळण्यास मात्र १८७५ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' निघालें. रांधावें बायकांनीं आणि शास्त्र लिहावें पुरुषांनीं, असा तो काळ होता. पुढें १९१० मध्यें लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र' प्रसिद्ध झालें, आणि पळी धरणाऱ्या हातानेंच लेखणी धरली. १९७० मध्यें आलेल्या 'रुचिरे'च्या कर्त्या कमलाबाई ओगले यांचें शालेय शिक्षण बेताचेंच होतें. परंतु वाटी आणि चमचा हीं मापें ठरवून देऊन त्यांनीं हजारों नवशिक्या सुनांची अडचण दूर केली.

ही सोय लहान नव्हे. इंग्लंडांत मिसेस बीटन यांनीं १८६१ च्या आपल्या ग्रंथांत जिन्नस व त्यांचीं प्रमाणें आरंभींच मांडलीं, तीहि याच गरजेपोटीं. आपल्याकडे तर शेर आणि पायली यांचें माप प्रांतोप्रांतीं बदलत असे. अशा स्थितींत सासूनें सुनेस 'अंदाजानें घाल' असें सांगितलें, तर त्यांत लपवाछपवी नव्हती. तो अंदाज हेंच तिचें शास्त्र होतें, आणि तें शेजारीं बसूनच शिकावें लागे.

वऱ्हाडी रोडग्यांचेंच पाहा. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजावयाचे आणि वरण व वांग्याच्या भाजीबरोबर तूप घालून खावयाचे, एवढी कृति दोन ओळींत मावते. पण जाळ ओसरून राख कशी दिसूं लागली म्हणजे गोळे आंत घालावे, आणि ते आंतून शिजले हें बाहेरून कसें ओळखावें, हें ज्ञान कागदावर पुरतें उतरत नाहीं.

याहून मोठा धोका शेतांत आहे. जोंधळ्याची भाकरी, कण्या आणि आंबील यांवर वऱ्हाडाच्या पिढ्या पोसल्या. आज वाशीम जिल्ह्यांत खरिपाचें मुख्य पीक सोयाबीन आहे. त्याला रोख पैसा येतो, आणि त्यासाठीं शेतकऱ्यास दोष देणें अन्यायाचें होईल. तथापि घरचा जोंधळा गेला म्हणजे तो कांडणें, पाखडणें, रात्रीं आंबवण घालणें हा सारा क्रम जातो. आणि त्या क्रमाबरोबर आजीबाईंचे शब्दही जातात. मग वहींत कृति असूनही ती मुकी होते.

म्हणून आमच्या वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, घरांतील वडील स्त्रियांकडून त्यांच्या कृति त्यांच्याच शब्दांत उतरून घ्याव्या. 'चिमूटभर' आणि 'मूठभर' यांचीं ग्रॅमें करण्याची घाई करूं नये. आणि लिहून झाल्यावर वही मिटून, एक वेळ तरी त्यांच्याजवळ बसून तो पदार्थ स्वतः करावा. मुलांनींही बसावें, ही विद्या केवळ मुलींची आहे असें मानण्याचे दिवस गेले. ताम्रपट शतकानुशतकें टिकला. हातांतली विद्या एक पिढी पडून राहिली तर मागें कांहींच उरत नाहीं.