राज्यकर्त्यांची खाट

१२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून इस्पितळात एका कैद्याच्या पोटावर शस्त्रक्रिया चालली होती. कैदी होते महात्मा गांधी. राजद्रोहाच्या खटल्यात मार्च १९२२ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती आणि ती ते येरवड्यास भोगीत होते. तुरुंगात पोटात दुखू लागले, ताप भरला, आणि आंत्रपुच्छाला सूज आल्याचे निदान होताच सरकारने त्यांना घाईघाईने ससूनमध्ये हलविले. गांधींनी मुंबईच्या डॉ. दलालांची व डॉ. जीवराज मेहतांची नावे सुचविली होती. पण ते वेळेवर येऊन पोहोचण्याची शक्यता नव्हती आणि उशीर करणे जिवावरचे होते. कर्नल मॅडॉक या गोऱ्या शल्यविशारदानेच शस्त्र हाती घ्यावे असे ठरले. भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री पुण्यातच होते, त्यांना बोलावून घेण्यात आले. आपण राजीखुशीने शस्त्रक्रियेला संमती देत आहोत, डॉक्टरांनी आपल्याला आपुलकीने वागविले आहे, अशा आशयाचे निवेदन शास्त्रीबुवांनी लिहिले आणि गांधींनी थरथरत्या हाताने त्यावर सही केली. बरे-वाईट झालेच तर लोकांनी सरकारवर वहीम घेऊ नये, हा त्यातला हेतू उघड होता.

शस्त्रक्रिया अर्ध्यावर आली आणि वादळाने विजेचा प्रवाह बंद पडला. परिचारिकेच्या हातातली बॅटरीही विझली. उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पार पडले. ५ फेब्रुवारीला सरकारने गांधींची शिक्षा माफ केली आणि पुढे ते विश्रांतीसाठी जुहूला गेले.

दिवाळीच्या फराळाचे ताट समोर असताना ही इस्पितळाची कथा कशाला, असे कोणी विचारील. पण या रात्रीत एक ऐतिहासिक कुतूहलाची गोष्ट दडलेली आहे. देशातला सर्वांत मोठा पुढारी ज्या टेबलावर झोपला, ते रास्ता पेठेतल्या हमालासाठी व हवेलीतल्या कुणब्यासाठी बांधलेल्या सार्वजनिक इस्पितळातले टेबल होते. गांधी काही साधे रुग्ण नव्हते, त्यांच्यासाठी धावपळ झाली ती सरकारच्या धास्तीमुळे, हे मान्य. तरीही दिवा गेला तो त्यांच्यासाठीही गेलाच. ज्यांच्या हाती देशाचा कारभार जाणार होता त्या पिढीला सार्वजनिक इस्पितळ आतून ठाऊक होते. पुढच्या पिढ्यांना ते का ठाऊक राहिले नाही, याचा थोडा माग काढावा, एवढाच या लेखाचा उद्देश.

राज्यकर्त्यांनी आजारपणात रयतेपासून वेगळे राहावे, ही रीत इंग्रजांनी घालून दिली. मुंबईत बोरीबंदराजवळचे सेंट जॉर्ज इस्पितळ मुळात युरोपियनांसाठी होते. एतद्देशीयांसाठी भायखळ्याचे जमशेटजी जिजीभाईंचे इस्पितळ १८४५ मध्ये उघडले; त्यालाही सरकारच्या बरोबरीने जमशेटजींनी लाखभर रुपये घातले तेव्हा ते उभे राहिले. पुण्यात डेव्हिड ससूनची देणगी कामी आली. म्हणजे सार्वजनिक इस्पितळांचा पायासुद्धा शेटसावकारांच्या दातृत्वावर घातलेला, आणि साहेबाची खाट मात्र निराळी.

विसाव्या शतकात या भेदाला एक झणझणीत उत्तर परळला मिळाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापकांच्या मोठ्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या साहेबांसाठी राखल्यासारख्या असत. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी नव्या वैद्यकीय महाविद्यालयाला देणगी देताना अटच घातली, की येथे शिकविणारे लोक सरकारी नोकरीत नसलेले, पात्र हिंदी डॉक्टरच असले पाहिजेत. त्यातून शेठ जी. एस. महाविद्यालय व महापालिकेचे के. ई. एम. इस्पितळ निघाले, इस्पितळ १९२६ मध्ये सुरू झाले. त्याची धुरा सुरुवातीपासून कोणी सांभाळली? ज्यांची वाट ससूनमध्ये पाहिली गेली त्या जीवराज मेहतांनी! इंग्लंडात शिकलेला हा नामांकित वैद्य खासगी व्यवसायात लक्षाधीश झाला असता. तो गिरणगावच्या कामगारांच्या इस्पितळात सतरा-एक वर्षे राहिला, चळवळीत तुरुंगात गेला, आणि १ मे १९६० रोजी गुजरातचा पहिला मुख्यमंत्री झाला. सार्वजनिक इस्पितळ चालविणे हेच एक राष्ट्रकार्य आहे अशी भावना असलेली ती माणसे होती.

त्याच भावनेचा सरकारी दस्तऐवज म्हणजे भोर समितीचा अहवाल. सर जोसेफ भोर हे जन्माने नाशिकचे, शिक्षणाने पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे. त्यांची समिती १९४३ मध्ये नेमली गेली, अहवाल १९४६ मध्ये आला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणालाही योग्य उपचारांवाचून राहावे लागू नये, हे त्याचे मूळ सूत्र. चाळीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्यकेंद्र ही आरंभीची पायरी होती. दूरच्या योजनेत तर दहा ते वीस हजार लोकांमागे पंचाहत्तर खाटांचे इस्पितळ असावे असे म्हटले होते. आज तालुक्याच्या गावी तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय पाहिले म्हणजे त्या आकड्याकडे पाहून हसावे की रडावे, कळत नाही.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांनी दिल्लीस अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था उभारली. न्यूझीलंड सरकारने त्यासाठी धन दिले, १९५६ मध्ये संसदेने कायदा केला. राजकुमारी कपुरथळ्याच्या राजघराण्यातल्या. सिमल्याचा आपला ‘मॅनॉरव्हिल’ हा बंगला त्यांनी संस्थेतल्या परिचारिका व इतर सेवकवर्गाला सुटीत राहण्यासाठी देऊन टाकला. श्रीमंत राजकारणी हा शब्दप्रयोग हल्ली शिवीसारखा वापरला जातो. पण श्रीमंती अशीही वापरता येते, याची नोंद असावी.

मग वाट वळली कोठे? माझ्या मते ती एका दिवसात, एखाद्या दुष्ट निर्णयाने वळलेली नाही. १९५४ मध्ये केंद्र सरकारने आपल्या नोकरांसाठी एक वर्गणीची आरोग्ययोजना सुरू केली. हेतू चांगला होता. खासदारही पुढे तिच्या छत्राखाली आले. आरंभी भर सरकारी दवाखान्यांवर व इस्पितळांवर होता. कालांतराने मान्यताप्राप्त खासगी इस्पितळांची यादी आली; राज्यांनीही अधिकारी व आमदार यांच्यासाठी तसेच नियम केले. खासगीत उपचार घ्यावेत, बिल सादर करावे, खजिन्यातून रक्कम परत मिळावी. ‘प्रतिपूर्ती’ असा या व्यवहाराला सरकारी भाषेत भारदस्त शब्द आहे. या एका शब्दाने जे केले ते कोणत्याही घोषणेने झाले नसते. ज्याच्या सहीने इस्पितळाला औषधे मिळतात, त्याला त्या औषधांची गरज उरली नाही. आणि तरी त्याच्या उपचारांचा खर्च सार्वजनिकच राहिला. श्रीमंताने पदरचे पैसे टाकून हवे तेथे जावे, त्याला कोण अडवील? येथे रुग्ण गेला आणि त्याच्यामागोमाग तिजोरीही गेली.

इस्पितळांच्या कोनशिलाही काही सांगतात. मुंबईच्या जसलोक इस्पितळाचे उद्घाटन १९७३ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी केले. मद्रासचे अपोलो १९८३ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते उघडले. जसलोक हा धर्मादाय न्यास. अपोलो मात्र कंपनी, भागभांडवलावर चालणारी. इस्पितळ हा नफ्याचा धंदा होऊ शकतो हे देशाला येथून कळले. आणीबाणीत मूत्रपिंडे निकामी झालेले जयप्रकाश नारायण जसलोकमध्येच उपचार घेत होते. पण त्यांच्या रक्तशुद्धीच्या यंत्रासाठी पंतप्रधान मदतनिधीतून आलेले पैसे त्यांनी परत केले आणि लोकांनी वर्गणी काढली. खासगी खाटेवर झोपूनही सरकारी पैसा नाकारणारे ते बहुधा अखेरचेच पुढारी.

अपोलोच्या उद्घाटनाला पुरते सव्वा वर्ष झाले नव्हते, तोच तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन तेथे दाखल झाले, आणि तेथून त्यांना विमानाने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या इस्पितळात नेण्यात आले. मूत्रपिंडाचे रोपण झाले. डिसेंबर १९८४ च्या निवडणुकीत परदेशातल्या खाटेवरची त्यांची चित्रफीत गावोगाव दाखविली गेली आणि ते प्रचाराला एकदाही न येता निवडून आले. लोकांना त्याचा राग आला नाही. उलट देवळांत नवस बोलले गेले. राजाचा प्राण वाचावा, मग तो कोठेही वाचो, ही आपल्या समाजाची जुनी भावना. नेत्यांवर सगळा दोष टाकण्यापूर्वी तीही ध्यानात घ्यावी लागते.

येथे एक अडचणीची गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. याच तमिळनाडूत नव्वदीच्या दशकात सरकारने औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे बांधली, कोणत्या दवाखान्यात किती गोळ्या शिल्लक याचा हिशेब ठेवला. आणि तेथली सरकारी इस्पितळे इतर अनेक राज्यांपेक्षा बरी चालली. तिकडे इंग्लंडात एप्रिल १९२० नव्हे, अगदी परवाच्या २०२० मध्ये, करोनाने ग्रासलेले पंतप्रधान बोरिस जॉन्सन लंडनच्या सेंट थॉमस या सरकारी इस्पितळात अतिदक्षता विभागात होते. बरे होऊन आल्यावर त्यांनी परिचारिकांचे जाहीर आभार मानले. पुढच्याच वर्षी त्यांच्या सरकारने परिचारिकांना शेकडा एक टक्का पगारवाढ सुचविली आणि गहजब झाला! तेव्हा नेता सरकारी खाटेवर निजला की खाट आपोआप सुधारते, असे समीकरण मांडता येत नाही. त्या खाटेची जबाबदारी मात्र त्याला नाकारता येत नाही. गहजब झाला तोही त्यामुळेच. लोकांना आठवण देता आली.

आपल्याकडे त्याच साथीत काय दिसले? जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान भोपाळच्या एका खासगी इस्पितळात होते, केंद्रीय गृहमंत्री अमित शहा गुरगावच्या मेदांतात. कर्नाटकात तर मौज अशी, की मुख्यमंत्री येडियुरप्पा आणि विरोधी पक्षनेते सिद्धरामय्या, विधानसभेत एकमेकांचे तोंड न पाहणारे, बंगळूरच्या एकाच मणिपाल इस्पितळात शेजारधर्म पाळीत होते. या एका बाबतीत पक्षभेद उरत नाही. मुंबईच्या ब्रीच कँडीत पंतप्रधान वाजपेयींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया २००० मध्ये झाली होती. पण त्यांचे अखेरचे आजारपण, २०१८ चे, दिल्लीच्या सरकारी आयुर्विज्ञान संस्थेत गेले. त्या संस्थेकडे दिल्लीकरांचे पाय अजून वळतात, आणि तिला निधीही मिळतो. जिल्हा रुग्णालयाच्या नशिबी हे नाही.

आकडे थोडक्यात सांगतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्यधोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले. त्याआधी कित्येक वर्षे तो टक्का-सव्वा टक्क्याच्या आसपास घुटमळत होता. २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी शेकडा ६४ रुपये लोक स्वतःच्या खिशातून भरीत होते. २०२१-२२ मध्ये तो आकडा ३९ वर आला. सुधारणा आहे, नाही असे नाही. पण त्या ३९ रुपयांत कोणाचे तरी मंगळसूत्र असते, कोणाचे अर्धा एकर रान असते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये धर्मादाय इस्पितळांना दहा टक्के खाटा निर्धनांना फुकट व आणखी दहा टक्के दुर्बलांना निम्म्या दराने देण्याची योजना लावून दिली. ती खाट मिळविण्यासाठी आजही आमदाराची चिठ्ठी शोधीत फिरणारे लोक आपल्या ओळखीत असतील.

मार्च २०१८ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने मुळावरच घाव घालण्याचा प्रयत्न केला. सरकारी खजिन्यातून वेतन घेणाऱ्यांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी सरकारी इस्पितळातच उपचार घ्यावेत आणि तेथे सोय असताना खासगीत गेल्यास खर्चाची प्रतिपूर्ती करू नये, असा त्याचा हुकूम होता. याच न्यायालयाने २०१५ मध्ये अधिकाऱ्यांच्या मुलांनी सरकारी प्राथमिक शाळांत शिकावे असाही आदेश दिला होता. त्या शाळांत कलेक्टरांची मुले दिसू लागल्याचे कोणी सांगत नाही.

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा तान्ही मुले होती. इस्पितळाला नाव आहे डॉ. शंकरराव चव्हाणांचे, जे दोनदा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री आणि पुढे देशाचे गृहमंत्री झाले. औषधे अपुरी, माणसे अपुरी, खाटांपेक्षा रुग्ण जास्त, अशी कारणे सांगण्यात आली. त्यानंतर एक खासदार पाहणीसाठी आले. स्वच्छतागृहाची घाण पाहून ते संतापले, आणि अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांनी ते धुवून घेतले. छायाचित्रकार सोबत होतेच. खासदारांवर गुन्हा दाखल झाला. अधिष्ठात्यांवरही झाला.