त्सॉइग्ल: एक कढई, अनेक तळघरं

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात झेक सीमेला लागून ओबरफाल्ट्स नावाचा मुलूख आहे. ग्रॅनाइटच्या टेकड्या, दाट जंगल, मासळीची तळी आणि लहान लहान गावं. त्याच्या उत्तर भागातली पाच गावं बिअरच्या इतिहासात मला फार मोलाची वाटतात: विंडिशएशेनबाख, नॉयहाउस, फाल्केनबेर्ग, मिटरटाइख आणि एसलार्न. इथे एखाद्या राहत्या घराच्या दर्शनी भिंतीतून दांडी बाहेर काढतात आणि तिला सहा टोकांचा तारा टांगतात. तारा टांगला म्हणजे त्या घरची बिअर तयार आहे आणि दार सर्वांना उघडं आहे. घरची पाळी संपली की तारा उतरतो. मग तो दुसऱ्या घरावर दिसतो. ताऱ्याला आणि बिअरला, दोघांनाही त्सॉइग्ल म्हणतात. ‘खूण’ या अर्थाच्या जर्मन शब्दाचं हे तिथल्या बोलीतलं रूप.

या प्रथेचं मूळ शोधत मागे गेलं की आपण नॉयहाउसला पोचतो. लॉइश्टेनबेर्गच्या लांडग्राफांनी, म्हणजे त्या मुलखाच्या सरदारांनी, वाल्डनाब नदीच्या काठी गढी बांधली आणि तिच्या आश्रयाने गाव वसलं. १४१५ साली या गावाला बिअर करण्याचा हक्क मिळाला. पुढच्या शंभरएक वर्षांत तो आसपासही पसरला: विंडिशएशेनबाखला १४५५, फाल्केनबेर्गला १४६७, मिटरटाइखला १५१६ आणि एसलार्नला १५२२ साली.

बव्हेरियाच्या बिअरचा विषय निघाला की लोक १५१६च्या शुद्धतेच्या कायद्यापासून सुरुवात करतात. जव, हॉप आणि पाणी, याखेरीज बिअरमध्ये काही घालायचं नाही, असा तो कायदा. इन्गोलश्टाटला २३ एप्रिल १५१६ रोजी तो जाहीर झाला, पण बव्हेरियाच्या ड्यूकांच्या राज्यापुरता. ओबरफाल्ट्स त्या राज्यात आलं ते १६२८ साली. नॉयहाउसचा हक्क या प्रसिद्ध कायद्याहून शंभर वर्षांनी जुना आहे आणि माझ्या मते त्याचं महत्त्वही मोठं आहे. कायद्याने बिअरमध्ये काय असावं ते सांगितलं. नॉयहाउससारख्या गावांतल्या हक्काने बिअर कोणी करावी याचा निवाडा केला, आणि तो सामान्य गावकऱ्याच्या बाजूने केला.

हा हक्क माणसाच्या नावावर नाही, घराच्या नावावर आहे. जमिनीच्या नोंदवहीत घरासोबत त्याची नोंद असते. घर वारशाने गेलं किंवा विकलं गेलं की हक्कही त्याच्याबरोबर जातो. लोहार असो, विणकर असो, शेतकरी असो, त्या घरात राहणारा माणूस वर्षातून काही वेळा बिअर करणारा होई आणि उरलेल्या वेळी आपला धंदा पाही. बिअर हा स्वतंत्र व्यवसाय नव्हता. गावाचा नागरिक असण्याचा तो एक भाग होता.

पण प्रत्येकाने आपल्या घरात कढई चढवायची म्हटलं तर गाव पेटलं असतं. लाकडी छपरांची, एकमेकांना खेटलेली घरं आणि त्यांत तासन्‌तास धडधडणारी चूल, ही जोखीम कुठल्याच गावाला परवडणारी नव्हती. तांब्याची मोठी कढईही एकट्यादुकट्याच्या आवाक्याबाहेरची. शिवाय कर गोळा करणाऱ्याला एकाच ठिकाणी लक्ष ठेवणं सोपं. अशा गरजांतून गावाचं सामायिक ब्राउहाउस, म्हणजे बिअर शिजवायची इमारत, उभं राहिलं. कढई गावाची. जो वापरेल त्याने दर वेळी ‘केसेलगेल्ड’, म्हणजे कढईचे पैसे भरायचे. ही आकारणी आजही चालू आहे.

गुऱ्हाळ ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ही रचना लगेच समजेल. ऊस ज्याचा त्याचा, चूल आणि कढई एक. फरक मात्र पुढे आहे, आणि त्सॉइग्लचं सगळं वैशिष्ट्य त्या फरकात आहे. गूळ गुऱ्हाळातच पुरा होतो. त्सॉइग्ल ब्राउहाउसमध्ये निम्मीच होते.

ज्याची पाळी असेल तो घरचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, भरडून आणतो. ते गरम पाण्यात कालवून, उष्णता पायरीपायरीने वाढवत, जवातल्या पिठाची साखर होऊ देतात. मग चोथा खाली राहतो आणि गोड पाणी वेगळं निघतं. त्यात हॉप टाकून ते उकळायचं. सरपण लाकडाचं, त्यामुळे आच वाढवायची तर ओंडके टाकायचे आणि कमी करायची तर वाट पाहायची. तिथे अंदाजच कामाचा. पहाटे पेटवलेली चूल संध्याकाळपर्यंत चालते. उकळलेला काढा नंतर एका रुंद, उथळ, उघड्या टाकीत सोडतात. तिला जर्मनमध्ये ‘थंड करायचं जहाज’ म्हणतात. रात्रभर खिडक्यांतून येणाऱ्या गार हवेत काढा निवतो.

सकाळी तो ज्याचा त्याने न्यायचा. पूर्वी पिंपांतून, आता ट्रॅक्टरमागच्या टाकीतून काढा गल्लीतून घरी जातो आणि नळीने तळघरात उतरतो. तोपर्यंत त्यात दारूचा अंश नाही. यीस्ट पडतं ते घरच्या तळघरात. तिथे आठवडा-दहा दिवस तो आंबतो आणि नंतर काही आठवडे थंडीत मुरतो. गाळत नाहीत, टिकवण्यासाठी तापवत नाहीत. म्हणून ही बिअर किंचित गढूळ असते आणि प्रवासाला फारशी योग्य नाही. जिथे मुरली त्याच घरात ती प्यायली जाते.

इथे यीस्टविषयी थोडं थांबायला हवं. त्सॉइग्लचं यीस्ट गारव्यात काम करतं आणि काम झाल्यावर तळाशी बसतं. आज जगभर विकल्या जाणाऱ्या लागर बिअरची हीच जात. अशा थंड, तळाशी बसणाऱ्या आंबवणीचा फार जुना लेखी उल्लेख म्हणून नाबबुर्गच्या १४७४च्या नियमांकडे बोट दाखवलं जातं. नाबबुर्ग याच ओबरफाल्ट्समध्ये, नाब नदीवर आहे. म्हणजे जगाने पुढे कारखान्यांत मोठी केलेली रीत या खोऱ्यात पंधराव्या शतकातच माहीत होती, आणि तीही सूक्ष्मजंतू म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नसताना. लोकांना एवढंच कळलं होतं की थंड तळघरात केलेली बिअर जास्त टिकते.

तळघरांना गारवा देणारी जमीन पाहायची तर फाल्केनबेर्गहून विंडिशएशेनबाखला वाल्डनाबच्या काठाकाठाने चालत जावं. गोल्डश्टाइग ही सुमारे ६६० किलोमीटरची पायवाट इथूनच जाते, पण हा तुकडा एका दिवसात निवांत होतो. सुरुवातीलाच ग्रॅनाइटच्या प्रचंड गोल खडकांच्या राशीवर फाल्केनबेर्गचा किल्ला उभा आहे. तो पडीक झाला होता. मॉस्कोतले जर्मन राजदूत फ्रीडरिश वेर्नर फोन डेर शुलेनबुर्ग यांनी १९३०च्या दशकात त्याची पुन्हा उभारणी केली. हिटलरविरोधी कटात हात असल्याबद्दल नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांना फाशी झाली. किल्ल्याखालून नदी जंगलात शिरते, मोठमोठ्या शिळांमधून वाट काढते, आणि पुढे नॉयहाउसच्या परिसरात तिला फिख्टेलनाब येऊन मिळते. विंडिशएशेनबाखच्या बाहेर एक उंच लोखंडी मनोरा दिसतो. पृथ्वीच्या कवचाचा अभ्यास करायला शास्त्रज्ञांनी १९९० ते १९९४ या काळात इथे ९,१०१ मीटर खोल भोक पाडलं. तळाशी खडक २६५ अंशांच्या आसपास तापलेला निघाला. त्याच गावात घराखाली चार-पाच मीटर उतरलं की भर उन्हाळ्यातही गारवा लागतो, आणि सगळी बिअर त्या गारव्यावर उभी आहे.

आता ताऱ्याकडे. तो दोन त्रिकोणांचा आहे. गावात विचारलं तर सांगतात की एक त्रिकोण अग्नी, पाणी आणि हवा यांचा. दुसरा पाणी, माल्ट आणि हॉप यांचा. यीस्ट त्यात नाही, कारण तेव्हा ते कोणाला माहीतच नव्हतं. हा अर्थ सुंदर आहे आणि बिअर करण्याच्या कामाशी तो तंतोतंत जुळतो. इतका जुळतो, की तो मागाहून बसवला असावा असं मला वाटतं. चिन्ह मात्र निःसंशय जुनं आहे. न्यूरेंबर्गला मेंडेल घराण्याने वृद्ध कारागिरांसाठी आश्रम काढला होता आणि तिथे राहिलेल्यांची चित्रं एका वहीत काढून ठेवली जात. त्यात १४२५च्या सुमाराचं बिअर करणाऱ्या एका म्हाताऱ्याचं चित्र आहे. तो कढईशी काम करतो आहे आणि वर सहा टोकांचा तारा टांगलेला आहे. नॉयहाउसच्या हक्कानंतर जेमतेम दहा वर्षांनी, शेजारच्या मुलखात, या धंद्याची ही ओळख ठरून गेली होती. याच आकाराला ज्यू धर्मात पवित्र स्थान मिळालं आहे. बिअरवाल्यांच्या ताऱ्याशी त्याचा संबंध होता असं दाखवणारा पुरावा नाही. त्या काळी वाचता न येणाऱ्या गिऱ्हाईकाला लांबून ओळखता येईल अशी खूण हवी होती, आणि दोन त्रिकोण कोणत्याही सुताराला सहज जोडता येत.

एके काळी ओबरफाल्ट्समधल्या कितीतरी गावांत अशी सामायिक ब्राउहाउसं होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्ल लिंडे यांच्या शीतयंत्राने बर्फाची आणि हिवाळ्याची गरज संपवली. ज्यांच्याकडे भांडवल होतं त्यांनी कारखाने काढले, रेल्वेने बिअर गावोगाव पोचली, नंतर बाटली आली. लाकडं फोडण्यात आणि रात्र जागवण्यात अर्थ उरला नाही असं एकेका घराला वाटू लागलं, आणि चुली विझत गेल्या. मग दुसऱ्या महायुद्धानंतर झेक सीमेवर पोलादी पडदा पडला आणि हा भाग देशाच्या टोकाशी, रस्ता संपतो तिथे जाऊन बसला. उद्योग इकडे फिरकले नाहीत. या उपेक्षेने लोकांचं नुकसान केलं हे खरंच. पण जुनी कढई मोडीत काढून तिथे नवं काही बांधायची घाईही कोणाला झाली नाही. आज वर सांगितलेल्या पाच गावांत ती चूल पेटते.

कढई सामायिक असल्यामुळे ही प्रथा तगली, आणि तळघरं वेगळी असल्यामुळे तिच्यात जीव राहिला, असं मी मानतो. एका घरी तळघर जरा उबदार, दुसऱ्याकडे यीस्ट निराळं, तिसरा एक आठवडा जास्त मुरू देणारा. एकाच कढईतून निघालेली बिअर तीन घरांत तीन चवींची होते, आणि कोणाची चांगली यावर गावात वर्षानुवर्षं वाद चालतात. हा वाद चालू आहे तोवर प्रत्येक घराला आपल्या पाळीची काळजी असते.

पूर्वी पाळीच्या दिवसांत घरातली बसायची खोलीच मोकळी करून तिथे बाकं मांडत. आता बहुतेकांनी त्यासाठी वेगळी खोली केली आहे. पाळ्यांचं वेळापत्रक वर्षभर आधी छापलं जातं. साधारण शुक्रवार ते सोमवार एखादं घर उघडं असतं. टेबल राखून ठेवायची पद्धत नाही. जागा दिसेल तिथे अनोळखी माणसाशेजारी बसायचं आणि त्याला ‘तू’ म्हणायचं. खायला घरचंच काही: काळा पाव, धुरावलेलं मांस, थंड सॉसेज, लोण्यात मिरपूड घालून मळलेलं चीज. दर कमी, कारण मधे व्यापारी नाही.

२०१८ साली ओबरफाल्ट्सच्या या परंपरेची जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत नोंद झाली. नाव मात्र कायद्याने राखलेलं नाही. त्यामुळे कारखान्यात तयार झालेली, बाटलीत भरलेली बिअरही ‘त्सॉइग्ल’ या नावाने दुकानात मिळते, आणि तिच्यावर तारासुद्धा असतो. म्हणून या गावांतल्या लोकांनी संघटना करून आपली वेगळी मोहोर ठरवली आहे. ती मोहोर चवीबद्दल काहीच सांगत नाही. काढा गावाच्या सामायिक ब्राउहाउसमध्ये उकळला आणि हक्क असलेल्या घराच्या तळघरात आंबला, एवढीच ती ग्वाही देते.